विश्लेषण : पायांच्या फुगलेल्या नसांवर लेझर की आरएफए? पैसे भरण्याआधी हे समजून घ्या

देवपूर (धुळे) : पोटरीवर दोरीसारख्या पिळलेल्या निळ्या-हिरव्या नसा, संध्याकाळ झाली की जड होणारे पाय, रात्री पायात येणारे गोळे आणि घोट्याजवळ काळवंडत चाललेली कातडी. एसटीचे कंडक्टर, शिक्षक, पोलीस, यंत्रमाग कामगार, सराफी पेढीवर दिवसभर उभे राहणारे सेल्समन, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या महिला. पांझरेच्या अलीकडे धुळे शहरात असो की पलीकडे देवपुरात, यातलं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. या त्रासाला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

पूर्वी यावर एकच उपाय होता. जांघेत चिरा देऊन नस ओढून काढायची आणि काही दिवस घरी बसायचं. आता दवाखान्यात गेलं की दोन शब्द कानावर पडतात, लेझर आणि आरएफए. एक नातेवाईक सांगतो, 'लेझरच करा, ते नवीन आहे.' दुसरा म्हणतो, 'आरएफएनं दुखत नाही.' ज्या दवाखान्यात जे मशीन आहे, तिथे त्याचंच कौतुक ऐकू येतं. मग रुग्णानं ठरवायचं कसं?

थोडक्यात उत्तर

- दोन्ही उपचारांत खराब नस आतून उष्णतेनं बंद केली जाते. काढली जात नाही.
- नस बंद होण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखं आहे.
- पहिल्या दहा-पंधरा दिवसांतलं दुखणं आरएफएत कमी असल्याचं काही अभ्यासांत दिसलं. नव्या लेझर फायबरमुळे हा फरक कमी झाला आहे.
- मशीनपेक्षा जास्त फरक पडतो तो आधीच्या कलर डॉप्लर तपासणीनं आणि डॉक्टरांच्या सरावानं.

नसा फुगतात कशामुळे?

विहिरीवरची मोटर ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे लगेच कळेल. पाइपच्या तळाशी फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. व्हॉल्व्ह गळका झाला की मोटर बंद करताच पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं.

पायातल्या नसांमध्येही ठरावीक अंतरावर असे छोटे व्हॉल्व्ह असतात. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर हृदयाकडे ढकलतात. त्यामुळेच पोटरीला पायातला पंप म्हणतात. निरोगी माणूस स्थिर उभा असताना घोट्याजवळच्या नसेतला दाब साधारण ८० ते ९० मिलिमीटर पारा इतका असतो. चालायला लागलं की तो ३० च्याही खाली येतो. व्हॉल्व्ह गळके झाले, की चालूनही हा दाब पुरेसा उतरत नाही. रक्त खाली साचतं, नस ताणली जाते आणि वेडीवाकडी फुगते.

बहुतेक रुग्णांत गळती असते ती ग्रेट सॅफेनस या नसेत. ही नस घोट्याच्या आतल्या बाजूनं निघून मांडीतून वर जाते आणि जांघेत मुख्य खोल नसेला मिळते. काहींमध्ये पोटरीच्या मागची स्मॉल सॅफेनस नस खराब असते. बाहेरून दिसणाऱ्या गाठी या फांद्या आहेत. मूळ गळती वर असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

आनुवंशिकता, वाढतं वय, गरोदरपण, लठ्ठपणा आणि तासन् तास उभं राहणं ही यामागची मुख्य कारणं. खान्देशातला उन्हाळा त्यात भर घालतो. पारा ४३-४४ अंशांवर गेला की कातडीजवळच्या नसा आणखी पसरतात. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पाय जास्त जड वाटतात.

दुर्लक्ष केलं तर?

सगळ्यांचा आजार वाढतोच असं नाही. नुसत्या नसा दिसतात आणि त्रास काही नाही, तर घाईनं उपचार करण्याची गरज नसते. पण पायऱ्या ओळखायला हव्यात. आधी संध्याकाळची सूज, मग घोट्यावर खाज आणि काळेपणा, मग कडक होणारी कातडी आणि शेवटी न भरणारी जखम. ही जखम बहुधा घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडी वर होते. अनेक जण महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे ड्रेसिंग करत राहतात. कुणी हळद लावतं, कुणी मलम बदलत राहतं. वरची गळती चालू असेपर्यंत खालची जखम भरली तरी पुन्हा उघडू शकते.

याबाबत ब्रिटनमधला 'एव्हरा' हा अभ्यास महत्त्वाचा आहे. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाला अशी जखम असलेल्या ४५० रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची खराब नस दोन आठवड्यांच्या आत बंद केली. दुसऱ्या गटाला आधी पट्ट्या बांधून जखम भरू दिली आणि नसेवरचा उपचार नंतरवर ठेवला. पट्ट्या दोन्ही गटांना होत्या. लवकर उपचार झालेल्यांची जखम भरायला मध्यमानानं ५६ दिवस लागले, थांबलेल्यांना ८२ दिवस. रोजंदारीवरच्या माणसासाठी २६ दिवस म्हणजे जवळपास महिन्याची मजुरी.

मात्र पायाची प्रत्येक जखम नसेमुळेच होते असं नाही. मधुमेह, रक्त नेणाऱ्या धमनीतला अडथळा, कुष्ठरोग आणि क्वचित सिकलसेलमुळेही पायाला जखमा होतात. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यामुळे आधी निदान, मग मशीन.

दोन्ही उपचारांत सारखं काय?

रुग्णाला पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत दोन्ही प्रक्रिया जवळपास एकसारख्या दिसतात.

१. उभं करून कलर डॉप्लर सोनोग्राफी होते. कुठली नस, कुठून कुठपर्यंत गळते, हे कातडीवर पेनानं आखलं जातं.

२. गुडघ्याजवळ किंवा त्याच्या खाली सुईनं नसेत प्रवेश करतात. मोठा चिरा नसतो, टाके नसतात.

३. सुईच्या वाटेनं बारीक कॅथेटर किंवा फायबर वर सरकवतात. त्याचं टोक जांघेतल्या खोल नसेच्या तोंडापासून साधारण २ सेंटीमीटर अलीकडे थांबवतात.

४. नसेभोवती भूल मिसळलेलं भरपूर सलाईन सोनोग्राफीत पाहत टोचलं जातं. याला ट्यूमेसंट भूल म्हणतात. हे पाणी तीन कामं करतं. दुखणं थांबवतं, नस कॅथेटरवर घट्ट दाबतं आणि आजूबाजूची कातडी व मज्जातंतू उष्णतेपासून वाचवतं.

५. उष्णता देत कॅथेटर मागे ओढला जातो. नसेची भिंत आकसते आणि नस बंद होते. पुढच्या काही महिन्यांत ती तंतूसारखी होऊन जाते.

६. पट्टी किंवा स्टॉकिंग चढवून रुग्णाला लगेच चालवतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येतं.

मग फरक कुठे आहे?

फरक आहे उष्णता तयार होण्याच्या आणि तिच्यावर ताबा ठेवण्याच्या पद्धतीत.

आरएफए : नाव रेडिओफ्रिक्वेन्सी असल्यानं अनेकांना वाटतं की पायात रेडिओलहरी सोडतात. सध्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तसं होत नाही. कॅथेटरच्या टोकाला ७ सेंटीमीटर लांबीची तापणारी कॉइल असते. रेडिओफ्रिक्वेन्सी विजेनं ती १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि चिकटलेल्या भिंतीला उष्णता देते. एका टप्प्याला २० सेकंद. मग कॅथेटर पुढच्या टप्प्यावर ओढायचा. टोकावरचा सेन्सर तापमान मोजत राहतो आणि मशीन त्यानुसार वीज कमी-जास्त करतं. घरातल्या गीझरचा थर्मोस्टॅट साधारण असंच काम करतो. ४० सेंटीमीटर नस असेल तर सहा-सात टप्पे. जांघेजवळचा पहिला टप्पा सहसा दोनदा देतात. म्हणजे उष्णता देण्याचा एकूण वेळ तीन मिनिटांच्या आत.

लेझर : इथे काचेच्या बारीक फायबरमधून प्रकाश जातो. नसेतलं रक्त किंवा भिंतीतलं पाणी तो शोषतं आणि तापतं. तापमान मोजून वीज आपोआप कमी करणारी व्यवस्था यात सहसा नसते. डॉक्टर वॅट ठरवतात आणि फायबर किती वेगानं मागे घ्यायचा ते हातानं सांभाळतात. हिशेब असतो दर सेंटीमीटरला किती ज्यूल ऊर्जा मिळाली याचा. साधारण ६० ते ८० ज्यूल हा प्रचलित पल्ला आहे. १० वॅटचं लेझर आणि दर सेंटीमीटरला ७० ज्यूल हवे असतील, तर प्रत्येक सेंटीमीटरला ७ सेकंद. ४० सेंटीमीटरला २८० सेकंद, म्हणजे पावणेपाच मिनिटांच्या आसपास. फायबर घाईनं ओढला तर नस अर्धवट बंद राहू शकते. एका जागी रेंगाळला तर भिंतीला भोक पडून रक्त आजूबाजूला पसरतं आणि निळे-काळे डाग येतात.

सगळे लेझर सारखे नसतात

ही गोष्ट जाहिरातीत सहसा नसते. सुरुवातीचे लेझर ८१०, ९४० किंवा ९८० नॅनोमीटर तरंगलांबीचे होते. त्यांचा प्रकाश मुख्यतः रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं. फायबरचं टोकही उघडं असायचं. त्यामुळे प्रकाश एकाच बिंदूवर पडायचा आणि तिथलं तापमान शेकडो अंशांवर जायचं. भिंत छेदली जाणं आणि नंतरचं दुखणं यामुळे जास्त असे.

आता १४७० नॅनोमीटरचे लेझर बऱ्याच ठिकाणी आले आहेत. त्यांचा प्रकाश पाणी जास्त शोषतं, त्यामुळे भिंतीवर परिणाम करायला कमी शक्ती पुरते. सोबत रेडियल फायबर आला. तो प्रकाश पुढे न फेकता चारही बाजूंना कड्यासारखा पसरवतो. म्हणून 'लेझर आहे का' एवढं विचारणं पुरेसं नाही. किती नॅनोमीटरचा आणि फायबर रेडियल आहे का, हेही विचारा.

अभ्यास काय सांगतात?

नसेवरच्या आरएफएला अमेरिकेत १९९९ मध्ये परवानगी मिळाली, लेझरला २००२ मध्ये. म्हणजे 'लेझर हे अगदी नवं तंत्र' या समजात तथ्य नाही. दोन्ही पद्धती वीस वर्षांहून जुन्या आहेत.

डेन्मार्कमधला एक अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत आला. त्यात ५०० रुग्णांवर चार पद्धती तपासल्या होत्या. लेझर, आरएफए, फोमचं इंजेक्शन आणि नस ओढून काढण्याची शस्त्रक्रिया. आकडे असे :

- वर्षभरानंतर नस उघडी व गळती राहिली : लेझर ५.८ टक्के, आरएफए ४.८ टक्के, शस्त्रक्रिया ४.८ टक्के, फोम १६.३ टक्के
- पहिल्या १० दिवसांतलं सरासरी दुखणं, १० पैकी गुण : लेझर २.५८, शस्त्रक्रिया २.२५, फोम १.६०, आरएफए १.२१
- कामावर परतायला लागलेले दिवस : शस्त्रक्रिया ४.३, लेझर ३.६, आरएफए २.९, फोम २.९

यातून दोन गोष्टी दिसतात. नस बंद करण्यात लेझर आणि आरएफए जवळपास बरोबरीत आहेत. दुखण्यात आरएफए पुढे आहे. पण हे आकडे वाचताना एक लक्षात ठेवायला हवं. या अभ्यासातलं लेझर त्या काळच्या उघड्या टोकाच्या फायबरचं होतं. रेडियल फायबरला हेच गुण देणं योग्य ठरणार नाही. शिवाय २.५८ आणि १.२१ हे दोन्ही आकडे १० पैकी आहेत. साध्या वेदनाशामक गोळीनं भागेल असं हे दुखणं आहे.

त्यानंतरच्या कोक्रेन आढाव्यातही लेझर आणि आरएफएच्या यशात फारसा फरक आढळला नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०१३ मध्ये दिलेला क्रम असा आहे : आधी उष्णतेनं नस बंद करणं, मग ते लेझर असो की आरएफए. ते शक्य नसेल तर फोम. तेही शक्य नसेल तर शस्त्रक्रिया. दोघांपैकी एकाला वरचा नंबर नाइसनं दिलेला नाही.

कोणाला काय जास्त सोयीचं?

निवड नसेच्या आकारावर आणि जागेवर ठरते.

- सरळ, लांब नस : दोन्ही चालतात. आरएफए टप्प्याटप्प्यानं झटपट होतं.
- छोटा तुकडा किंवा दोन नसांना जोडणारी गळकी नस : ७ सेंटीमीटरची कॉइल तिथे बसत नाही. लेझरचा बारीक फायबर सोयीचा पडतो. आरएफएत अशा कामासाठी वेगळे, छोटे कॅथेटर असतात, ते दवाखान्यात आहेत का ते विचारावं.
- फार नागमोडी नस : दोन्ही अडतात. तिथे फोम किंवा बारीक छिद्रांतून नस काढणं हा मार्ग. बाहेर दिसणाऱ्या गाठींसाठीही बऱ्याचदा हेच करावं लागतं.
- पेसमेकर असल्यास : डॉक्टरांना आधीच सांगा. आरएफएत वीज वापरली जात असल्यानं हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला जातो.
- गरोदर महिला : उपचार बाळंतपणानंतर. प्रसूतीनंतर काही नसा आपोआप बऱ्याच कमी होतात.
- खोल नसेत जुनी गुठळी : इथे फुगलेली नस हीच रक्ताची पर्यायी वाट असू शकते. ती बंद केली तर नुकसान होऊ शकतं. डॉप्लरशिवाय उपचार नको म्हणतात तो यासाठीच.

धोके कोणते?

निळे डाग, मांडीत दोरी ओढल्यासारखं वाटणं, काही दिवस नसेच्या रेषेत दुखणं हे सर्वसाधारण आहे. गुडघ्याखाली मज्जातंतू नसेला चिकटून जातो, त्यामुळे तिथे उपचार झाल्यास पायाचा काही भाग बधिर वाटू शकतो. बहुतेकांत ही बधिरता हळूहळू कमी होते. भूल मिसळलेलं पाणी नीट न भरल्यास कातडी भाजू शकते. खोल नसेत गुठळी होणं हा गंभीर धोका आहे, पण तो क्वचित दिसतो.

उपचारानंतर एकाच पायाला अचानक मोठी सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागणं किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर थेट तातडीच्या विभागात जा.

'नस बंद केली तर रक्त जाणार कुठून?'

हा प्रश्न जवळपास प्रत्येक रुग्ण विचारतो. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त खोल नसांमधून वर जातं. कातडीजवळच्या नसांचा वाटा छोटा आहे. गळकी नस तर रक्त उलट खाली आणत असते. ती बंद केल्यावर रक्त चांगल्या नसांनी जातं आणि पाय हलका वाटतो.

दुसरी शंका हृदयाच्या बायपासची. त्या शस्त्रक्रियेसाठी हीच नस वापरतात हे खरं. पण फुगून खराब झालेली नस त्यासाठी सहसा उपयोगी नसते. दुसऱ्या पायाची नस किंवा छातीतली धमनी वापरली जाते.

खर्च आणि योजना

दोन्हींत खर्चाचा मोठा भाग कॅथेटर किंवा फायबरचा असतो. हे एकदाच वापरण्यासाठी बनवलेले असतात. तुमच्यासाठी नवं, बंद पाकीट उघडलं जाणार आहे का, हे विचारण्यात संकोच नको. अंदाजपत्रक लेखी घ्या. एका पायाचं की दोन्ही, डॉप्लर, स्टॉकिंग, उरलेल्या गाठींचं फोम आणि नंतरच्या तपासण्या त्यात धरल्या आहेत का, ते पाहा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना धुळेकरांना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचा उपचार कोणत्या पॅकेजमध्ये आणि कोणत्या रुग्णालयात बसतो, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून किंवा १५५३८८ या क्रमांकावरून आधी विचारून घ्या. खासगी विमा असेल तर पॉलिसी उघडा. अनेक पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्ससाठी दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो.

पैशांची अडचण असेल तर सुरुवात सरकारी रुग्णालयातून करता येते. चक्करबर्डी येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाची ओपीडी आहे. जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

डॉक्टरांना हे सहा प्रश्न विचारा

१. माझ्या कुठल्या नसेत गळती आहे? डॉप्लर उभं करून केलं का?

२. माझी खोल नस मोकळी आहे का?

३. तुम्ही माझ्यासाठी ही पद्धत का निवडली? दुसरी का नको?

४. लेझर असेल तर किती नॅनोमीटर, फायबर कोणता? आरएफए असेल तर कॅथेटर नवा आहे का?

५. बाहेरच्या गाठींचं काय? ते त्याच दिवशी की नंतर?

६. पुन्हा डॉप्लर कधी? काही बिघडलं तर रात्री फोन कुणाला करायचा?

तिसऱ्या प्रश्नाला 'आमच्याकडे हेच मशीन आहे' असं उत्तर आलं तरी तेवढ्यावरून दवाखाना बदलायची गरज नाही. दोन्ही मशीन चांगली आहेत. पण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत, तर दुसरं मत घ्या.

उपचारानंतर आणि उपचाराशिवायही

- रोज चाला. पोटरीचा पंप चालू राहणं महत्त्वाचं.
- बाहेरगावी उपचार घेणार असाल तर परतीच्या प्रवासाबद्दल आधीच विचारा. नाशिक ते धुळे दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. वाटेत थांबून चालणं, घोटे हलवत राहणं गरजेचं.
- स्टॉकिंग किती दिवस घालायचे ते डॉक्टर सांगतील. नाइसच्या शिफारशीनुसार उपचारानंतर ते सात दिवसांपेक्षा जास्त लागत नाहीत. जखम किंवा सूज असेल तर हिशेब वेगळा असतो. तातडी नसेल तर अनेकांना उन्हाळा टाळून हिवाळ्यात उपचार घेणं सोपं जातं.
- बिडी, तंबाखूचं व्यसन आणि थोडं चालल्यावर पोटरी दुखणं, हे दोन्ही असेल तर आधी धमनीची तपासणी करा. धमनीत अडथळा असताना घट्ट स्टॉकिंग घातक ठरू शकतात.
- काम उभ्यानं असेल तर अधूनमधून टाचा वर-खाली करा. घरी आल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पंधरा-वीस मिनिटं पडा.
- फुगलेली नस फुटून रक्त आलं तर घाबरू नका. लगेच आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ कापड ठेवून जागेवरच दाब द्या आणि मग दवाखाना गाठा. उभं राहून पाय धुवायला नळाखाली जाऊ नका, उभं राहिलं की रक्त वाढतं.

घरात कुणाच्या घोट्याजवळची कातडी काळी पडत असेल किंवा दोन आठवडे उलटूनही जखम भरत नसेल, तर लेझर की आरएफए हा प्रश्न नंतरचा. पहिली चिठ्ठी कलर डॉप्लरची घ्या.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. उपचाराचा निर्णय सर्जन किंवा रक्तवाहिनीतज्ज्ञांच्या सल्ल्यानंच घ्यावा.)